बेळगावात वॉर्डातून उभं राहायचं तर: सहा दिवसांच्या प्रचाराआधीची तयारी

२०२१ च्या बेळगाव महापालिका निवडणुकीच्या तारखा आधी नीट बघून घ्या. १६ ऑगस्टला अधिसूचना निघाली. २३ ला अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस, २४ ला छाननी, २६ ला माघार, ३ सप्टेंबरला मतदान आणि ६ ला मोजणी. माघार संपून चिन्ह हातात पडल्यावर जाहीर प्रचारासाठी उरले जेमतेम सहा दिवस, कारण मतदान संपण्याच्या अठ्ठेचाळीस तास आधी भोंगे बंद. निवडणूक जाहीर झाल्यावर कामाला लागणारा उमेदवार म्हणूनच अर्धी निवडणूक आधीच हरलेला असतो. याद्या, कागद, बूथवरची माणसं ही सगळी तयारी त्याआधीची.

त्या आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली होती आणि नवी निवडणूक व्हायला सप्टेंबर २०२१ उजाडला. मुदत संपली की लगेच निवडणूक होईल असं धरू नका. वॉर्डरचना आणि आरक्षण कोर्टात अडकलं की वर्ष-दोन वर्षं सहज जातात. लगेच होणारच नाही असंही धरू नका. तयारी अशी ठेवा की आठ दिवसांच्या सूचनेवर उभं राहता यावं.

कुठल्या संस्थेसाठी उभे आहात?

प्रश्न बाळबोध वाटेल, पण उपनगरांत यावर गोंधळ होतो. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, कणबर्गी हा सगळा भाग महापालिकेत येतो. कॅम्प मात्र कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, म्हणजे केंद्राच्या संरक्षण खात्याच्या कायद्याखाली. मच्छे आणि पिरनवाडीला स्वतंत्र नगरपंचायत आहे. खानापुरात नगरपंचायत, निपाणीत नगरसभा. महापालिकेला १९७६ चा कर्नाटक महानगरपालिका कायदा लागतो, बाकीच्या नगरसभा-नगरपंचायतींना १९६४ चा. खर्चाची मर्यादा, अनामत, पात्रतेचे बारकावे संस्थेप्रमाणे बदलतात. निपाणीच्या माणसाने बेळगावचा नमुना पुढ्यात ठेवून अर्ज भरू नये. इथून पुढचं मुख्यतः बेळगाव महापालिकेबद्दल आहे, पण यादीचं आणि बूथचं काम सगळीकडे सारखंच.

आधी आकडेमोड

२०२१ साली शहरात सव्वाचार लाखांच्या आसपास मतदार होते आणि वॉर्ड ५८. म्हणजे वॉर्डाला सरासरी सव्वासात हजार. मतदान झालं जेमतेम निम्मं, म्हणजे वॉर्डात साडेतीन-पावणेचार हजार मतं पडली. खरी तिरंगी लढत असेल आणि बाकीच्या अपक्षांनी थोडीथोडी खाल्ली, तर पंधराशेच्या आसपास मतं घेणारा उमेदवार निवडून येऊ शकतो. दुरंगी असेल तर दोन हजारांच्या पुढे जावं लागतं.

पंधराशे मतं म्हणजे घरटी तीन-चार धरली तर चारशे ते पाचशे घरं. हा आकडा भिंतीवर लावून ठेवा. वॉर्डातल्या दोन-अडीच हजार घरांपैकी ही पाचशे कुठली, त्यातली मतदानाच्या दिवशी खरोखर घराबाहेर पडणारी कोण, एवढं ज्याला नावानिशी सांगता येतं त्याला सभा घ्यायची फारशी गरज पडत नाही. उलट, मिरवणुकीत हजार पोरं नाचली म्हणून हजार मतं मोजणारे दरवेळी फसतात. त्यातली निम्मी शेजारच्या वॉर्डातली असतात आणि बरीचशी अठराच्या खालची.

यादीचं काम

पालिका निवडणुकीची यादी विधानसभेच्या मतदार यादीतून वॉर्डाप्रमाणे कापून तयार होते. चुका नेमक्या या कापण्यातच होतात. वॉर्डाची हद्द गल्लीच्या मधून जात असेल तर समोरासमोरची घरं उलटसुलट वॉर्डांत पडतात. कधी अख्खी चाळ पलीकडे जाते. त्यामुळे यादी हातात आल्याबरोबर पहिलं काम म्हणजे हद्दीवरच्या गल्ल्यांची नावं घरोघर जाऊन पडताळणं. वॉर्डवार प्रारूप यादीवर हरकतींसाठी थोडेच दिवस मिळतात. हरकत लेखी द्या, पोच घ्या, आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक लिहायला विसरू नका.

नवीन नाव घालायला फॉर्म ६, नाव कमी करायला ७, दुरुस्ती आणि पत्ताबदलाला ८. विधानसभेच्या यादीसाठी आता वर्षात चार पात्रता तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. गल्लीतल्या ज्या मुला-मुलींना अठरा पूर्ण होतात त्यांचे फॉर्म वर्षभर भरत राहा. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं बहुतेक वेळा माहेरच्याच यादीत राहिलेली असतात. वडगाव-खासबागेच्या बाजूला, जिथे भाडेकरू विणकर घर बदलत असतात, तिथे पत्ताबदलाचे अर्ज सर्वांत जास्त निघतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि याचं श्रेय कुणी देत नाही, पण एका वॉर्डात दीडशे नावं यादीवर आणणारा माणूस त्या दीडशे घरांत निदान एकदा बसून चहा पिऊन आलेला असतो.

यादीतली नावं कन्नडमध्ये असली आणि वाचता येत नसतील तर नावावरून शोधत बसू नका, ओळखपत्राच्या क्रमांकावरून शोधा. मराठी आडनावं कन्नडमध्ये लिहिताना बदलतात आणि परत मराठीत आणताना आणखी बदलतात. पाटलाचं पाटीलच राहतं, पण इतरांची खात्री नसते. कन्नड सफाईने वाचणारा एक तरी कार्यकर्ता पहिल्या दिवसापासून सोबत हवा. अर्ज, नोटिसा, छाननीतले शेरे, सगळ्यांत तो लागणार आहे.

आरक्षण

महापालिकेत अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात आणि मागासवर्गीय ‘अ’ व ‘ब’ गटांसाठी जागा राखीव असतात, आणि सर्व प्रकारांत मिळून निम्म्यापर्यंत महिलांसाठी. वॉर्डाचं आरक्षण फिरतं राहतं आणि ते उशिरा जाहीर होतं. म्हणून एकाच वॉर्डावर सगळं लावू नका. महापालिका हद्दीत कुठल्याही वॉर्डात नाव असेल तर दुसऱ्या वॉर्डातूनही उभं राहता येतं. मात्र सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा, त्याच वॉर्डाचा मतदार लागतो. शेजारच्या एका वॉर्डात ओळख आणि दोन-तीन भरवशाचे सूचक आधीच ठेवलेले बरे.

इथे ‘अ’ आणि ‘ब’ हे गट निवडणुकीसाठीचे आहेत. नोकरी-शिक्षणाच्या दाखल्यावर जो प्रवर्ग लिहिलेला असतो तो छाननीत पुरेल असं समजू नका. तहसीलदारांकडून निवडणुकीसाठीचा म्हणून दाखला मागा, आणि तो अधिसूचनेच्या आठवड्यात नव्हे, आरक्षण जाहीर झाल्याच दिवशी. त्या आठवड्यात दाखले देणाऱ्या महसूल कार्यालयात, म्हणजे नाडकचेरीत, सगळ्या वॉर्डांची गर्दी असते.

वॉर्ड महिला राखीव झाला की नवरोबा पत्रकावर स्वतःचा फोटो मोठा आणि बायकोचा छोटा छापतात. मतांच्या दृष्टीनेही हे चुकीचं आहे. घरातल्या बायका दाराशी आलेल्या बाईशी गटार, पाणी, अंगणवाडी यावर बोलतात, तिच्या नवऱ्याशी बोलत नाहीत. शिवाय निवडून आल्यावर सही, मत आणि अपात्रतेची टांगती तलवार तिच्यावरच असते. उभं राहायचं तिने ठरवलं असेल तर पहिल्या फेरीपासून तिलाच पुढे करा. नसेल ठरवलं तर दुसऱ्या कुणाला तरी संधी द्या.

अपात्रता: सगळ्यांत दुर्लक्षिलेलं कलम

वय एकवीस पूर्ण हवं, हे सगळ्यांना माहीत असतं. महापालिका कायद्याचं कलम २६ मात्र फार थोडे वाचतात. महापालिकेच्या कंत्राटात किंवा व्यवहारात स्वतःचा हितसंबंध असला तर अडचण येते. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नोटीस येऊनही भरली नसेल तर अडचण येते. सरकारी किंवा पालिकेच्या नोकरीत असाल तर आधी राजीनामा मंजूर व्हावा लागतो, नुसता देऊन चालत नाही.

हितसंबंध म्हणजे केवळ रस्त्याचा ठेका नव्हे. गोवावेसच्या खाऊ कट्ट्यातले गाळे पत्नींच्या नावे असल्याच्या तक्रारीवरून २०२५ मध्ये बेळगावच्या दोन नगरसेवकांचं सदस्यत्व प्रादेशिक आयुक्तांनी रद्द ठरवलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तेव्हा घरात कुणाच्याही नावे पालिकेचा गाळा, पे-पार्किंगचा ठेका, भाड्याने लावलेलं वाहन, कचऱ्याच्या कामातली भागीदारी असेल, तर अर्ज भरण्याआधी वकिलाला दाखवा. तो सोडायचा असेल तर रीतसर लेखी सोडा आणि सोडल्याचं पत्र जपून ठेवा. निवडून आल्यावर ही गोष्ट विरोधकच उकरून काढणार, त्यांचं ते कामच आहे.

अर्जाचे कागद

अर्ज सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेत घेतले जातात. शेवटच्या दिवशी तीन वाजता दारात उभ्या असलेल्या माणसाची धडधड बघायची असेल तर निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेर जाऊन बघा. तुम्ही मात्र पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच भरा, म्हणजे एखादा कागद कमी निघाला तरी आणायला वेळ राहतो.

सोबत लागतं ते असं: भरलेला अर्ज, सूचकाची सही आणि त्याचा यादीतला भाग व अनुक्रमांक, तुमचं नाव दुसऱ्या वॉर्डात असेल तर त्या यादीचा प्रमाणित उतारा, गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांचं शपथपत्र, नोटरीच्या सही-शिक्क्यासह, अनामत भरल्याची पावती, राखीव जागा असेल तर जातीचा दाखला, पालिकेचा थकबाकी नसल्याचा दाखला, फोटो. पक्षाचे असाल तर पक्षाचं अधिकृत पत्र शेवटच्या दिवशी तीनच्या आत पोहोचलं पाहिजे. राखीव प्रवर्ग आणि महिलांना अनामत कमी असते.

अर्ज उडतात ते बहुतेक शपथपत्रामुळे. रकाना रिकामा सोडू नका. लागू नसेल तिथे ‘नाही’ किंवा ‘शून्य’ असं लिहा. पत्नीचं सोनं, सोसायटीतले शेअर, गावाकडची वाटणी न झालेली शेती, मोटरसायकलचं कर्ज, सगळं आलं पाहिजे. पोलीस ठाण्यात नोंद असलेला गुन्हा जुना म्हणून वगळू नका. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या निषेध फेरीतला किंवा सीमाप्रश्नाच्या आंदोलनातला गुन्हा असला तरी तो गुन्हाच आहे आणि त्याचा क्रमांक, कलम, कोर्ट लिहायचं. आंदोलनाचे गुन्हे इथले मतदार समजून घेतात, लपवलेलं मात्र समजून घेत नाहीत. दुसरी नेहमीची चूक सूचकाची: तो शेजारच्या वॉर्डाचा निघतो. म्हणून वेगवेगळ्या सूचकांच्या सह्यांनी दोन अर्ज भरून ठेवा.

छाननीला स्वतः हजर राहा. कारकुनी चूक असेल तर तिथेच बोलता येतं. तुमच्या नावाचं कन्नडमधलं लिखाणही तिथेच बघून घ्या, कारण पुढे यंत्रावर तेच दिसणार.

गल्लीचं एकमत आणि माघारीची वेळ

बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत उमेदवार अनेकदा पंच मंडळींच्या बैठकीत ठरतो. मराठी मतं एका वॉर्डात तीन ठिकाणी फुटली की काय होतं याचा अनुभव शहराला आहे. २०२१ मध्ये राष्ट्रीय पक्ष चिन्हांवर उतरले, भाजपने ५८ पैकी ३५ जागा घेतल्या, आणि भाषेच्या गटांवर चालणारं जुनं गणित मोडलं. तुम्ही महाराष्ट्र एकीकरण समितीकडून लढा, पक्षाकडून लढा की अपक्ष, फाटाफुटीचा प्रश्न माघारीच्या आधी सोडवावा लागतो.

पंचांच्या बैठकीत ‘मी थांबतो’ असं सांगून, नारळ ठेवून माणूस घरी गेला म्हणजे माघार झाली असं नाही. माघारीचा लेखी अर्ज उमेदवाराने, किंवा लेखी अधिकार दिलेल्या सूचकाने अथवा निवडणूक प्रतिनिधीने, मुदतीच्या आत अधिकाऱ्याच्या हातात द्यावा लागतो. तीन वाजून गेले की त्याचं नाव यंत्रावर राहतं. मग त्याने दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पाठिंबा जाहीर केला तरी शंभर-दोनशे मतं त्याच्या चिन्हावर पडतातच, आणि या निवडणुका तेवढ्याच फरकाने जातात. समजूत झाली असेल तर त्याच्यासोबत एक माणूस कार्यालयात जाऊन अर्ज दिल्याची खात्री करून यावा.

प्रचाराचे सहा दिवस

अपक्षाला चिन्ह माघारीनंतरच मिळतं. अर्जात मुक्त चिन्हांच्या यादीतली पसंती क्रमाने देता येते. देताना म्हातारीला एका शब्दात सांगता येईल आणि काळ्या-पांढऱ्यात स्पष्ट दिसेल असं चिन्ह निवडा. पत्रकाची मांडणी आधीच करून ठेवा, चिन्हाची जागा तेवढी मोकळी. चिन्ह मिळालं की त्याच संध्याकाळी छपाईला द्या. छापखान्याशी आधी बोलून ठेवलं नसेल तर दोन दिवस तिथेच जातात. पत्रकावर छापखान्याचं नाव, प्रकाशक आणि प्रतींची संख्या हवी. ती नसेल तर आचारसंहितेची तक्रार ठरलेली.

पत्रक वॉर्डाप्रमाणे मराठी, कन्नड आणि गरज असेल तिथे उर्दूत काढा. एकाच कागदावर तिन्ही कोंबू नका, वेगळे कागद काढा. मजकुरात जे तुमच्या हातात आहे तेच लिहा. गटारं, अंतर्गत रस्ते, पथदिवे, कचऱ्याची उचल, घरपट्टीच्या नोंदी आणि उतारे ही कामं पालिकेत होतात. चोवीस तास पाणीयोजनेचं काम राज्याच्या पायाभूत सुविधा महामंडळामार्फत कंपनीकडे आहे, वीज हेस्कॉमकडे, नव्या वसाहतींचे प्लॉट बुडाकडे, म्हणजे नगरविकास प्राधिकरणाकडे. ‘पाणी चोवीस तास देऊ’ असं छापणाऱ्याला पहिल्याच उन्हाळ्यात गल्लीत फिरता येत नाही. त्यापेक्षा ‘अमुक गल्लीतलं गटार पुढे नाल्याला जोडलेलं नाही, ते अंदाजपत्रकात घालून घेऊ’ असं लिहा. त्या गल्लीतली चाळीस घरं ते वाक्य लक्षात ठेवतात. बळ्ळारी नाल्याचं किंवा लेंडी नाल्याचं पाणी पावसाळ्यात जिथे शिरतं तिथे तर दुसऱ्या कुठल्या मुद्द्याची गरजच नाही.

वाहन, भोंगा, कोपरा सभा या प्रत्येकाला परवानगी लागते आणि रात्री दहानंतर भोंगा चालत नाही. २०२१ चं मतदान गणेशोत्सवाच्या तोंडावर होतं, आणि पुढेही सण आडवे येतीलच. मंडळाला देणगी, मूर्तीचा खर्च, जेवणावळ हे आचारसंहितेच्या काळात केलं तर ते आमिष धरलं जातं आणि खर्चातही लागतं. मंडळाचं काम करायचं असेल तर वर्षभर करा, त्या महिन्यात हात आखडता घ्या. पोरं नाराज होतील, पण पावती नसलेल्या पैशाने मिळालेली पोरं समोरच्याने जास्त दिले की तिकडेच जातात.

बूथ

वॉर्डात साधारण सात बूथ असतात. प्रत्येक बूथला आतला एक प्रतिनिधी, त्याचा एक बदली, आणि बाहेर यादी घेऊन बसणारी दोन माणसं. म्हणजे जवळपास तीस जण. गर्दी जमवण्यापेक्षा ही तीस माणसं पक्की करणं अवघड आहे. आतला प्रतिनिधी शक्यतो त्याच बूथचा मतदार घ्या, कारण बोगस माणूस तोंड बघून ओळखता आला पाहिजे. घाबरट नको आणि भांडखोरही नको.

मतदान सात वाजता सुरू होतं, पण प्रतिनिधी सहाच्या आधी पोहोचला पाहिजे, कारण नमुना मतदान त्याच्यासमोर होतं. नमुन्याची मतं पुसून यंत्र शून्यावर आलं हे त्याने स्वतः बघायचं, यंत्राचा आणि सीलचा क्रमांक लिहून घ्यायचा. संध्याकाळी मतदान संपल्यावर एकूण पडलेल्या मतांचा आकडा सहीनिशी घ्यायचा. बेळगावच्या २०२१ च्या निवडणुकीत यंत्राला पडताळणीची चिठ्ठी जोडलेली नव्हती आणि निकालानंतर त्यावरून बराच वाद झाला. असा वाद निघालाच तर तुमच्या हातात उपयोगी पडणारा कागद हाच. मोजणीच्या टेबलावर तेच क्रमांक आणि तोच आकडा जुळवून बघायचा. प्रतिनिधी चार वाजता कंटाळून उठून गेला तर हे सगळं हुकतं, म्हणून बदली माणूस दुपारी दोनलाच आत पाठवा.

बाहेर बसणाऱ्यांनी दर दोन तासांनी कुठल्या घराचं मतदान राहिलं ते खुणावून फिरणाऱ्यांना द्यायचं. अकरापर्यंत आपल्या पाचशे घरांतली निम्मी येऊन गेली नसतील तर काहीतरी चुकतंय, आणि ते दुरुस्त करायला अजून वेळ आहे.

खर्च आणि नंतरचं

२०२१ मध्ये महापालिकेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ३ लाख होती. वेगळं बँक खाते उघडा आणि शक्य तितका खर्च त्यातूनच करा. मंडप, वाहन, चहा-नाश्ता यांचे दर अधिकारी ठरवून देतात. मित्राने फुकट दिलेली रिक्षाही त्या दराने हिशेबात धरली जाते. रोजचा खर्च रोज लिहा. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यावा लागतो, आणि पडलेल्या उमेदवारालाही यातून सूट नाही. पडलेले लोक इथेच आळस करतात आणि पुढची निवडणूक लढवायला अपात्र ठरतात.

जिंकलात तर लगेच खुर्ची मिळेल असं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये निवडून आलेल्यांना महापौर निवडीसाठी फेब्रुवारी २०२३ पर्यंत थांबावं लागलं. तोवर अधिकाऱ्यांशी बोलून कामं करून घ्यावी लागतात. लेखी अर्ज, पोच आणि पाठपुरावा यांचीच त्या काळात मदत होते. सभागृह भरलं की महापौरपद दरवर्षी बदलतं, आमदार-खासदारांनाही त्यात मत असतं. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्याने पक्षादेश मोडला तर १९८७ च्या पक्षांतरबंदी कायद्याखाली सदस्यत्व जातं. चार स्थायी समित्या आहेत. कामं मंजूर करून घ्यायची असतील तर त्यातली कर आणि वित्त किंवा नगररचना मागा. विषयपत्रिका कन्नडमध्ये येते. मराठी प्रत लेखी मागा, पण ती येईपर्यंत वाट बघत बसू नका, तो कन्नड वाचणारा कार्यकर्ता इथेही सोबत ठेवा. आणि मालमत्तेचं विवरण कार्यकाळ सुरू झाल्यापासून महिन्याच्या आत आणि मग दरवर्षी त्याच महिन्यात द्यायचं असतं, तेही पोच घेऊन.